‘प्रार्थना’ लिहिलेली सीडी

दुकानात पाऊल टाकणारा माणूस आधी माझ्याकडं बघायचा, मग माझ्या मागच्या भिंतीकडं, मग पडद्याआड, आणि मग विचारायचा, “मॅडम, सर कुठं गेले?” सर कुठंच गेलेले नसायचे. सर नव्हतेच. माझे यजमान एसटीत नोकरीला होते आणि टीव्हीच्या रिमोटमध्ये सेल उलटे घालायची त्यांना सवय होती. नांदेडला वजिराबादेत जिन्याखालचं ते कंप्युटर दुरुस्तीचं दुकान माझं होतं, स्क्रू ड्रायव्हर माझा होता आणि गिऱ्हाइकांवर चिडायचा हक्कही माझाच होता. तो मी भरपूर वापरला. गेल्या वर्षी दुकान बंद केलं, तर या अंकाच्या संपादकांचा फोन आला की तुमच्या व्यवसायातले काही गोड अनुभव लिहा. गोड अनुभव मिठाईवाल्यांना विचारावेत. माझ्याकडं आहेत ते हे असे आहेत.

आमच्या भागात कंप्युटरला विंडोज ‘मारतात’. बसवत नाहीत, टाकत नाहीत, मारतात. “मॅडम, लई स्लो झालाय, एक विंडोज मारून द्या,” असं म्हणत माणूस कॅबिनेट काउंटरवर आदळायचा आणि समोरच्या टपरीवर चहाला निघून जायचा. चहा संपेपर्यंत काम व्हावं अशी अपेक्षा असायची. त्यात माझा काय जीव जातो हे कुणाला सांगून पटलं नाही. आता तुम्ही वाचायला बसलाच आहात तर सांगते.

कंप्युटर विकत आणला की तो नुसता डबा असतो. त्याला कामाला लावणारी विंडोज ही वेगळी चीज, आणि ती बसवायची एक सीडी असायची. एक्सपीच्या काळातल्या त्या सीडीत अख्ख्या जगाची सोय केलेली होती. कुठकुठल्या देशांतले कीबोर्ड, कधी न बघितलेल्या प्रिंटरच्या फायली, फोनच्या तारेवरून चालणाऱ्या मोडेमच्या फायली, पत्त्यांचे खेळ, डोंगराची चित्रं. फाइल शोधायला गेलं की शेपूट हलवणारा एक कुत्रासुद्धा होता. नवीन, दमदार मशीनला या लवाजम्याचं काही वाटायचं नाही. पण आमच्याकडं यायच्या त्या मशीन पुण्या-मुंबईत म्हाताऱ्या होऊन लातूरला आलेल्या, आणि लातूरला दमून नांदेडला आलेल्या. त्यांना एवढं ओझं झेपायचं नाही.

दुसरी भानगड धुळीची. सीडी आतून बाहेर लिहिली जाते, म्हणजे मधल्या भोकाजवळून सुरुवात आणि शेवट कडेला. धुळीनं नजर अधू झालेला ड्राइव्ह मधला भाग नीट वाचतो आणि कडेकडं सरकला की अडखळायला लागतो. विंडोज निम्म्याच्या वर बसलेली असते आणि पडद्यावर येतं, अमुक फाइल सापडत नाही. पुन्हा पहिल्यापासून. असं दिवसातून चार मशीनवर झालं की माणसाचा स्वभाव बिघडतो, माझा बिघडला.

यावर मी उपाय शिकले तो सीडी कापायचा. कात्रीनं नव्हे. मूळ सीडीतला सगळा माल कंप्युटरवर उतरवायचा, नको असलेल्या गोष्टींवरच्या खुणा एकेक करून काढायच्या, आपल्याकडच्या मशीनला लागणाऱ्या फायली आत घालायच्या आणि उरलेला नेमका माल नव्या सीडीवर लिहायचा. थोडा माल म्हणजे सगळा मधल्या भागात. अधू ड्राइव्हसुद्धा तो सुखानं वाचायचा. हे काम निवडून भाजी आणण्यासारखं आहे, फक्त इथं एक चुकीची पेंडी टाकून दिली तर अख्खं जेवण होत नाही. हे माझं काम चांगलं होतं. नांदेडात माझ्याइतकी सुबक सीडी कुणी कापत नव्हतं, हे मी आज कुणाचीही भीडभाड न ठेवता लिहिते.

पण गिऱ्हाइकांना पटवून द्यायचं म्हणजे कठीण. उमरीचे एक गृहस्थ होते. त्यांना म्हटलं, तुमच्यासाठी लहान सीडी केलीय. त्यांनी ती उजेडात धरली, शेजारी मोठी सीडी धरली आणि म्हणाले, “दोन्ही सारख्याच दिसून राहिल्या मॅडम. लहान कुठं झाली?” मी आतल्या मालाचं समजावलं. ते ऐकत होते आणि सीडी फिरवून फिरवून कडा बघत होते. शेवटी मी वैतागून तोच माल तळहाताएवढ्या छोट्या सीडीवर लिहून दिला. ती बघून म्हणाले, “हे तर लेकरांचं हाय. मोठ्या माणसाचं द्या.”

नायगावच्या एका आडत्यानं दुकानातला माणूस दिवसभर पत्ते खेळतो म्हणून खेळ मुळापासून काढायला लावले. मी काढले. आठवडा झाला नाही तोच आडते स्वतः आले आणि इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, “मॅडम, ते पत्ते तेवढे वापस टाका. त्याच्यासाठी न्हाई, मला दुपारचं जरा बरं पडतं.”

अशी माणसं मी हसून सोडून द्यायची. जिनं माझं डोकं कायमचं पिकवलं ती गोष्ट वेगळी आहे, आणि तीच सांगायला मी बसले आहे.

सोनकांबळे बाई भोकरकडच्या एका गावात शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. मूळच्या उदगीरकडच्या. एक दिवस त्या टेम्पो घेऊनच दुकानासमोर उभ्या राहिल्या. मागं कडब्यावर आडवे टाकलेले कंप्युटर होते. लातूरच्या एका ऑफिसनं मोडीत काढलेल्या मशीन बाईंनी अर्जविनंत्या करून शाळेसाठी मिळवल्या होत्या. डब्यांवर लायसन्सचे स्टिकर होते आणि मूळ सीडीही त्यांनी मागून आणली होती, तेवढं त्यांना बरोबर कळलं होतं.

“एक पण सुरू होऊन नाही राहिला मॅडम,” त्या म्हणाल्या. “लातूरचं सामान आहे म्हणून विश्वासानं आणलं.”

मी माहेरची लातूरची. त्यांना म्हटलं, “बाई, लातूरकर चालती वस्तू अशी सोडत नाहीत. मी सांगते ना तुम्हाला.”

त्या हसल्या नाहीत. स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, “सुरू व्हायलाच पाहिजेत. माझी ताई मराठी टायपिंग शिकली म्हणून तहसीलला लागली. ती लागली म्हणून मी डीएड केलं. आई दुसऱ्याच्या शेतात जायची ते तेव्हा बंद झालं. आमचं घर टायपिंगवर उभं राहिलं, मॅडम. गावातल्या पोरींला शिकायला भोकरला पाठवत नाहीत. म्हणून म्हटलं, कंप्युटरच गावात आणावेत.”

अडचण मशीनची एकटीची नव्हती. कंप्युटर ठेवायला शाळेची जी खोली होती, तिला लोखंडी दार होतं आणि ती गळत नव्हती. त्या खोलीवर शाळा समितीचे अध्यक्ष बालाजीराव यांचा डोळा होता. त्यांचं खताचं दुकान. “खोली रिकामीच हाय तर हंगामापुरतं ठिवतो,” म्हणून त्यांनी एका भिंतीला पोती लावलीसुद्धा होती. लवकरच तालुक्याचे शिक्षणाधिकारी पाहणीला येणार होते. त्या दिवशी मशीन चालताना दिसल्या तर खोलीवर ‘संगणक कक्ष’ अशी पाटी लागणार होती. नाही दिसल्या तर उरलेल्या तीन भिंतींनाही पोती लागणार होती. बाईंचं सगळं त्या एका दिवसावर येऊन ठेपलं होतं.

मी मशीन उघडून बघितल्या. मेमरी तोकडी, ड्राइव्ह धुळीनं अंध. पूर्ण सीडी त्यांच्याकडून वाचून होणार नव्हती. म्हटलं, बाई, कापलेली सीडी करावी लागेल. बाई म्हणाल्या, करा. पण समितीचा ठराव लागेल.

इथं बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्या गावांत ठराव ही फार मोठी गोष्ट असते. घंटा बदलायची ठराव, झाड तोडायचं ठराव. सूचक लागतो, अनुमोदक लागतो, आणि एकदा प्रोसिडिंगच्या वहीत लिहिला की तो दगडावर कोरल्यागत होतो. आता सीडी करायचा ठराव एका ओळीत होतो. पण बालाजीराव खत भरायला नांदेडला आलेच होते, बरोबर पिठाच्या गिरणीवाले सदस्य होते, तेव्हा त्यांनी ठरवलं की बैठक माझ्या दुकानातच घ्यायची. सीडीतून काय काढायचं आणि काय ठेवायचं हे समिती ठरवणार. बाई सचिव म्हणून वही मांडीवर घेऊन बसल्या. चहा आला. मी कपाळाला हात लावला.

बालाजीराव मोठे रुबाबदार गृहस्थ. पांढरी टोपी, पांढरे कपडे, त्यावर खताचा एक कण नाही. पडद्यावर बोट ठेवून विचारायला लागले.

“हे काय हाय?”

“मोडेम. फोनवरून इंटरनेट लावायला.”

“आपल्या शाळेत फोन हाय का बाई? न्हाई. काढा.”

“अनुमोदन,” गिरणीवाले म्हणाले. त्यांनी त्या दिवशी अनुमोदनाखेरीज दुसरा शब्द उच्चारल्याचं मला आठवत नाही.

खेळ काढले. डोंगराची चित्रं काढली. मग कुत्रा आला. त्यावर मात्र चर्चा झाली. तो शेपूट कसा हलवतो हे मला दोनदा करून दाखवावं लागलं. “कुत्रं ऱ्हाऊ द्या,” बालाजीराव म्हणाले, “लेकरं खूश होतील.” कुत्रा एकमतानं राहिला.

मग ती ओळ आली. गुंतागुंतीच्या लिप्या आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषा. इंग्रजीत होती, मी मराठीत सांगितली, आणि सांगितली नसती तर बरं झालं असतं.

“उजवीकडून डावीकडं म्हणजे उर्दू का?”

“उर्दू, अरबी, फारसी. पण त्याच्यातच...”

“आपल्याकडं उर्दूचा वर्ग हाय का बाई?”

“नाही साहेब, पण मॅडम काय म्हणतात ते...”

“मंग बेकार जागा अडवून राहिली ना. बिलकूल ठिवू नका. काढा.”

“अनुमोदन.”

बेकार आणि बिलकूल हे शब्द कुठून आले ते मी त्यांना विचारलं नाही. त्यांच्या मनात उर्दूविषयी काही वाकडं होतं असंही मला वाटलं नाही. त्यांना जागेचं पडलं होतं. खताच्या पोत्यांनी त्यांची सगळी दृष्टी जागेवर आणून ठेवली होती.

मी शांतपणे समजावलं. म्हटलं, साहेब, आपल्या मराठीत काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरं. इंग्रजीसारखी सुटी अक्षरं ओळीत ठेवली की झालं असं नाही, ती एकमेकांत बसवावी लागतात. उर्दूचीही अक्षरं एकमेकांना जोडावी लागतात. बनवणाऱ्यांनी ही सगळी जोडकामाची कला एकाच गठड्यात बांधलीय. खूण एकच आहे. काढली तर मराठीही जाते.

बालाजीरावांनी विचार केला. खरंच केला, मी बघत होते. मग म्हणाले, “एका गठड्यात कसं काय ऱ्हातील मॅडम? आपली मराठी इकडून तिकडं जाती, त्यांची तिकडून इकडं. धडकतील न्हाई का?”

मी पाणी प्याले.

“आन् आमच्या पतसंस्थेत,” त्यांनी पुढचा मुद्दा काढला, “मराठी चालूच हाय की. असलं काही न टाकता.”

हा मुद्दा खरा होता, म्हणून जास्त राग आला. तेव्हा सगळीकडं जुने फॉन्ट असायचे. आत इंग्रजी अक्षरं आणि वरून मराठीचा सदरा. तीच फाइल दुसऱ्या मशीनवर नेली की सदरा उतरायचा आणि आतलं काहीबाही दिसायचं. सरकारी कामाला आता युनिकोडच, म्हणजे कुठल्याही मशीनवर तशीच दिसणारी मराठी, लागेल असं वरून सांगणं सुरू झालं होतं, आणि पोरींना नोकरीसाठी शिकायचं तर तेच शिकायला हवं होतं. हे सगळं मी बोलले. गिरणीवाल्यांचा डोळा लागला.

मग मी करून दाखवलं. शेजारच्या मशीनवर तो गठडा काढला आणि मराठी मजकूर उघडला. ओळीच्या ओळी नुसते चौकोन. रिकामे, एकसारखे, खिडक्यांसारखे चौकोन.

बालाजीरावांनी बराच वेळ बघितलं. “बंद करून चालू करा,” म्हणाले.

केलं. चौकोन.

“तुमच्या मशीनीत खराबी हाय.”

माझा तोल गेला. “मराठी काढायचा ठराव करून गावात चाललात तुम्ही!” मी जवळजवळ ओरडलेच. “कुत्रं ठेवलं आणि मराठी काढली, असं सांगा गावाला!”

गिरणीवाले जागे होऊन “अनुमोदन” म्हणाले.

तिथंच सगळं नासलं. बालाजीराव ताठ झाले. आतापर्यंत तो त्यांचा गैरसमज होता, माझ्या ओरडण्यानं ती त्यांची इज्जत झाली. “ठराव झालाय मॅडम,” ते उठत म्हणाले. “झालेला ठराव आमची समिती मोडत न्हाई.” आणि दोघं खत भरायला निघून गेले. चहाचे कप तेवढे राहिले.

बाई वही मांडीवर घेऊन तशाच बसलेल्या. मी त्यांच्यावरही घसरले. “तुम्ही सचिव ना? बोलत का नाही तुम्ही?”

“बोलले की,” बाई म्हणाल्या. “लिहिता लिहिता माणूस किती बोलणार?” मग म्हणाल्या, “ठराव पाळला नाही तर ‘बाई समितीला मानत नाहीत’ म्हणून वर तक्रारीचा अर्ज जाईल. पाळला तर साहेबांसमोर पोरी चौकोन काढतील. दोन्हीकडून पोतीच येतात, मॅडम.”

त्यांचे डोळे भरले नव्हते. भरले असते तर मला सोपं गेलं असतं. मी म्हटलं, वाचून दाखवा काय लिहिलंय ते.

त्यांनी वाचलं. शासकीय मराठीत होतं, त्यामुळं लांबलचक होतं. शेवटी आलं, “उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषा सदर सीडीतून काढून टाकण्यात याव्यात, असे सर्वानुमते ठरले.”

“सदर सीडीतून?” मी विचारलं.

“सदर सीडीतून.”

आम्ही एकमेकींकडं बघितलं. सदर सीडीतून काढायच्या होत्या, तर काढू. दुसऱ्या सीडीत घालू नयेत असा काही ठराव झालेला नव्हता. मी ठरावाबरहुकूम पहिली सीडी कापली, कुत्र्यासकट. आणि काढलेला तो गठडा तेवढा एका वेगळ्या सीडीवर लिहिला. आधी पहिली बसवायची, मग दुसरी घालून ती एक खूण करायची, की मराठी जिवंत. दुसऱ्या सीडीवर नाव काय लिहायचं हा प्रश्न होता. ‘भाषा’ लिहिलं तर बालाजीराव विचारणार. बाई म्हणाल्या, “‘प्रार्थना’ लिहा. फेकणार कुणी नाही, आणि वाजवणारही कुणी नाही. आमच्या पोरी प्रार्थना तोंडानंच म्हणतात.”

पाहणीच्या दिवशी मी सकाळच्या गाडीनं भोकरला आणि तिथून जीपनं गावात गेले. पोरींनी खोली सारवल्यासारखी स्वच्छ केली होती आणि टेम्पोतून परत आलेल्या मशीन मांडून ठेवल्या होत्या. एका भिंतीला मात्र छताला टेकलेली पोती होतीच, आणि खताच्या वासानं डोकं भणभणत होतं. बालाजीराव हमालाला घेऊन त्या पोत्यांच्या आगेमागे करत होते. मी सीडी घातली. तो धुळीनं माखलेला म्हातारा ड्राइव्ह घरघरला, कण्हला, पण कुठंही अडला नाही. एकेक करून सगळ्या मशीन उठल्या. त्या क्षणी मला माझ्या कामाचा जो अभिमान वाटला तो सांगायला तिथं कुणीच नव्हतं. बाई दारात उभ्या राहून शिक्षणाधिकारी साहेबांच्या जीपची वाट बघत होत्या. मग त्या घाईनं आत आल्या, पदराआडून दुसरी सीडी काढली, आणि आम्ही तीही प्रत्येक मशीनला दाखवून घेतली.

साहेब आले. त्यांनी समोर बसलेल्या एका पोरीला सांगितलं, गावाचं नाव लिहून दाखव. तिनं एका बोटानं शोधून शोधून लिहिलं. गावाच्या नावात जोडाक्षर होतं. ते पडद्यावर नीट जुळून उमटलं आणि बाईंनी एवढा मोठा श्वास सोडला की मला ऐकू आला.

साहेब काही बोलणार तेवढ्यात बालाजीराव पुढं झाले. “बघा साहेब,” त्यांनी आवाज चढवला, “समितीनं ठराव करून उर्दू काढली. काढल्याबरोबर मराठी कशी मोकळी झाली बघा! आधी नुसते चौकोन व्हते.”

माझं तोंड उघडलं. बाईंनी माझ्या पायावर पाय ठेवला आणि दाबला. चांगला दाबला, त्यांची चप्पल टाचेची होती.

“असं का?” साहेब म्हणाले. “चांगलंय. बाकीच्या शाळांनाही सांगा.”

पाटी लागली. दुसऱ्या दिवशी पोती हलली, ते मला मागाहून कळलं. सगळं हवं तसं झालं आणि मी मात्र त्या दिवशी परतीच्या जीपमध्ये धुमसत होते. बसस्टँडवर सोडायला आलेल्या बाईंना विचारलं, पाय का दाबला? त्या म्हणाल्या, “त्यांना जिंकू द्या मॅडम. खोली कुणाकडं राहिली?” खोली राहिली याचा मला आनंद होता. पण खरं काय ते माझ्या तोंडात असून बाहेर आलं नाही, याची चीड आनंदापेक्षा मोठी होती आणि ती बरीच वर्षं टिकली.

टिकायला कारणही होतं. बालाजीराव बोलके माणूस. पतसंस्थेत, लग्नात, बाजारात त्यांनी ती गोष्ट सांगितली. मग भोकरहून, उमरीहून, पार नायगावहून माझ्याकडं लोक यायला लागले. “मॅडम, ती उर्दू काढलेली सीडी द्या. मराठी लई जोरात पळती म्हणे.” मी पहिल्या माणसाला चौकोन दाखवून सगळं समजावलं. दुसऱ्याला समजावलं. तो म्हणाला, “तसं असंल मॅडम, पण त्या गावात चालून राहिलीय ना.” एकानं तर सर कुठं गेले ते विचारलं, सरांना माहीत असेल म्हणून. पुढं पुढं मी नुसती मान हलवायची आणि मराठी असलेली साधी कापलेली सीडी हातात ठेवायची. ती घेऊन ते खूश होऊन जायचे, आणि अफवा आणखी घट्ट व्हायची.

मध्ये काही वर्षं गेली. सोनकांबळे बाईंची बदली लातूर जिल्ह्यात झाली. जाताना त्यांनी नव्या मुख्याध्यापकांना दोन्ही सीड्यांचं सांगितलं होतं, पण चार्ज घेण्याच्या गडबडीत त्यांनी नुसतं “हो हो” केलं असावं. कारण एका सकाळी त्या नव्या सरांचा मला फोन आला. “मॅडम, कपाटातली प्रार्थनेची सीडी परिपाठाला लावली, तर वाजेना. चार जणांच्या प्लेअरवर लावून बघितली.”

मी म्हटलं, “सर, तिला हात लावू नका, तशीच ठेवा, ती वाजायची सीडी नाही.”

“अरे,” ते म्हणाले, “ती तर पोरांनी बागेत टांगली. पाखरं हाकलायला.”

जुन्या सीड्या शेतात, बागेत दोऱ्यानं टांगतात, त्या चमकल्या की पाखरं बिचकतात. त्या गावची मराठी अशी शाळेच्या पेरूला लटकत होती. मी फोन ठेवून दिला.

आणि मग एका दुपारी बालाजीराव दुकानात आले. काठी आली होती, टोपी तीच होती. एकटेच होते. त्यांनी आत पाऊल टाकलं, सरळ माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, “मॅडम, दुसरी सीडी पाहिजे.”

“कोणती दुसरी?”

“प्रार्थनेची.”

मी हातातलं काम खाली ठेवलं.

“विजेचा झटका बसून एका मशीनची डिस्क गेली,” ते सांगायला लागले. “भोकरच्या माणसानं नवी बसवून पहिली सीडी मारली. चौकोन आले. त्याच मशीनीवर आमची नात टायपिंग शिकून राहिलीय. रडत घरी आली. पेरूवरची सीडी काढून बघितली, पार घासून गेलीय.”

“तुम्हाला दुसऱ्या सीडीचं कुणी सांगितलं?”

“सांगायचं काय त्याच्यात? मी पोत्यामागं व्हतो की त्या दिवशी. एक सीडी घातली, चौकोन. दुसरी घातली, मराठी. दोनपर्यंत मोजता येतं मला.”

इतक्या वर्षांची माझी चीड एकदम उसळून आली. “मग साहेबांसमोर ते काय बोललात? उर्दू काढली आणि मराठी मोकळी झाली?”

“मंग काय बोलणार?” त्यांनी शांतपणे काठी काउंटरला टेकवली. “ठराव माझा, सही माझी. साहेबानं प्रोसिडिंग मागितलं असतं, तर ठराव मोडला म्हणून बाईच अडकली असती. म्हणून आधीच बोलून टाकलं.”

हे तेव्हाचं खरं होतं, की वाटेत एसटीत बसल्या बसल्या सुचलेलं, ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांचा चेहरा वाचायला मला जमलं नाही. राग मात्र कुठं धरावा ते कळेना.

“आणि मग तालुकाभर सांगत सुटलात ते?”

“एकदा बोलल्यावर माघारी कसं फिरायचं?”

“मग आता फिरा,” मी म्हटलं. “अध्यक्ष अजून तुम्हीच ना? पुढच्या बैठकीत एक ओळ लिहा, ठराव मागं घेतला म्हणून. मी दोन्ही एकाच सीडीत घालून देते. जन्माची कटकट मिटेल.”

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला माझीच लाज वाटावी. “ठराव ऱ्हाऊ द्या मॅडम,” ते म्हणाले. “सीडी द्या.”

वाद घालण्यात अर्थ नव्हता. जुना गठडा माझ्या कंप्युटरवर होताच. मी सीडी लिहायला घातली आणि मार्कर उघडला. “नाव काय लिहू?”

“जे व्हतं तेच लिहा. आन् दोन करा. एक शाळेच्या कपाटात ऱ्हाईल. एक मी माझ्या देवघरात ठिवतो. तिथनं टांगायला कुणी नेणार न्हाई.”

मी दोन केल्या. दोन्हींवर ‘प्रार्थना’ लिहिलं. त्यांनी त्या रुमालात गुंडाळल्या, वरच्या खिशात घातल्या आणि खिसा चाचपत, डोक्यावरचा जिना टाळून बाहेर पडले.

त्यांची नात परीक्षा पास झाली, असं बाईंनी लातूरहून फोनवर सांगितलं. शाळेत आता नव्या मशीन आहेत, त्यांना सीडी लागत नाही. पण बालाजीरावांच्या देवघरातली अजून हलवलेली नाही म्हणे. तिथं उर्दू, अरबी, फारसी आणि आपली मराठी एकाच गठड्यात आहेत, आणि रोज सकाळी त्यांना उदबत्ती दाखवली जाते. ठराव मात्र अजून कायम आहे.